लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन उघडताना: आधी काय, नंतर काय

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर लिनक्समध्ये बसून विंडोजमधली एखादी फाइल काढायची वेळ आज ना उद्या येतेच. काम पाच-दहा मिनिटांचं आहे. तरीही लोक त्यात अडकतात, आणि बहुतेकांचं कारण एकच असतं: ते सुरुवात लिनक्सपासून करतात. खरं तर यातलं अर्धं काम विंडोजमध्येच उरकून यायचं असतं. ते राहिलं की लिनक्समध्ये एरर येते. मग कुठूनतरी जबरदस्तीने माउंट करणारी (म्हणजे पार्टिशन एखाद्या फोल्डरला जोडून उघडणारी) कमांड उचलली जाते, आणि जो डेटा वाचवायचा होता तोच धोक्यात येतो.

असा एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता. एका मुलीने प्रकल्पाचा अहवाल लिनक्समध्ये लिहून थेट विंडोजच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या विंडोजसाठीच्या भागावर, ठेवला होता. पार्टिशन उघडेना म्हणून तिने 'फोर्स' लावून माउंट केलं होतं. पुढच्या वेळी विंडोज सुरू झालं, डिस्कची तपासणी आपोआप चालली आणि अहवाल जागेवर नव्हता. 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये त्याचे काही तुकडे मिळाले, बाकीचा अहवाल तिला पुन्हा लिहावा लागला. हे टाळता येण्यासारखं होतं, म्हणून खालचा क्रम जरा हट्टाने पाळा.

या लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. मधल्या मोकळ्या जागा, स्वल्पविराम, आडव्या आणि तिरप्या रेघा जशाच्या तशा ठेवा.

## टप्पा १: पार्टिशनला कुलूप आहे का ते विंडोजमध्ये बघा

विंडोज ११ असलेल्या अनेक संगणकांवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) आधीपासूनच चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ही कमांड द्या:

मॅनेज-बीडीई -स्टेटस

प्रत्येक ड्राइव्हपुढे किती टक्के भाग एन्क्रिप्ट झाला आहे ते दिसेल. सी ड्राइव्हपुढे शून्य टक्के असेल तर सरळ टप्पा २ वर जा.

शून्य नसेल तर रिकव्हरी की हाताशी हवी. ती ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती मिळवायला:

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:

ही की कागदावर लिहून ठेवा. त्याच डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवणं. विंडोज रोज पासवर्डशिवाय सहज उघडतं, कारण मदरबोर्डवरची टीपीएम चिप कुलूप परस्पर उघडते. लिनक्ससाठी ती तसं करत नाही. तिथे कीच विचारली जाते आणि विंडोजचा लॉगिन पिन काही कामाचा नसतो.

रोजच्या रोज दोन्हीकडून फाइल्स लागत असतील तर एन्क्रिप्शन काढून टाकण्याचा पर्यायही आहे, पण लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. मशीन चोरीला गेलं तर डेटाला तेवढाच आडोसा असतो.

## टप्पा २: डिस्क निरोगी आहे ना, तेही विंडोजमध्येच

त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये:

सीएचकेडीएसके सी: /एफ

सी ड्राइव्ह वापरात असल्यामुळे पुढच्या रीस्टार्टला तपासणी करू का, असं विंडोज विचारेल. होकार द्या, रीस्टार्ट करा आणि तपासणी पूर्ण होऊ द्या.

हे काम लिनक्समधून होत नाही. एनटीएफएस म्हणजे विंडोज डिस्कवर फाइल्स मांडतं ती पद्धत. लिनक्सवर एनटीएफएसफिक्स नावाचं साधन आहे आणि नावामुळे लोक फसतात. ते मोजक्या मूलभूत विसंगती दुरुस्त करतं, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करतं आणि विंडोज पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हा तपासणी कर, अशी खूण ठेवतं. म्हणजे खरी दुरुस्ती शेवटी विंडोजनेच करायची. विंडोज सुरू होण्याच्या स्थितीत असेल तर एनटीएफएसफिक्सच्या वाट्याला जाऊच नका.

## टप्पा ३: फास्ट स्टार्टअप बंद करा

लोकांची सर्वाधिक गाडी अडते ती इथे.

विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होतंच असं नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती हायबरफिल.सिस या फाइलमध्ये उतरवली जाते. पुढच्या वेळी ती उचलून संगणक लवकर सुरू होतो. याचा अर्थ असा की पार्टिशन अजून विंडोजच्या ताब्यात आहे. फाइल्सची जी यादी विंडोजच्या स्मृतीत होती, तीच खरी धरून ते जागं होणार. मधल्या काळात लिनक्सने त्या पार्टिशनवर काही लिहिलं तर विंडोजला त्याची खबर नसते. ते आपली जुनी यादी वरून लिहून मोकळं होतं. वरच्या अहवालाचं असंच झालं होतं.

बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला: कंट्रोल पॅनेल, त्यात पॉवर ऑप्शन्स, मग डावीकडे पॉवर बटणं काय करतात ते ठरवणारी ओळ. त्या पानावर आधी सध्या बदलता न येणाऱ्या सेटिंग्ज खुल्या करणाऱ्या ओळीवर क्लिक करा, मगच फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. बरेच जण ही ओळ न दिसल्याने 'माझ्याकडे बदलताच येत नाही' असं म्हणून परत फिरतात.

दुसरा मार्ग, ॲडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टमधून:

पॉवरसीएफजी /एच ऑफ

याने हायबरनेशन, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोयच, पूर्ण बंद होतं, त्यासोबत फास्ट स्टार्टअपही जातं आणि हायबरफिल.सिसने अडवलेली काही जीबी जागा मोकळी होते. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर हाच मार्ग धरा.

सावधान: ही अडचण फक्त सी ड्राइव्हपुरती नाही. त्या वेळी विंडोजने उघडून ठेवलेली डी, ई अशी सगळी पार्टिशनं त्याच अर्धवट स्थितीत राहतात. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही सेटिंग पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला.

## टप्पा ४: विंडोज पूर्ण बंद करा

सेटिंग बदलली तरी या वेळी खात्रीसाठी ही कमांड द्या:

शटडाउन /एस /टी ०

ही पूर्ण शटडाउन करते. शिफ्ट दाबून धरून मेनूतला शट डाउन निवडला तरी तेच होतं. रीस्टार्टही पूर्ण असतो, म्हणून रीस्टार्ट करून बूट मेनूत लिनक्स निवडलं तरी चालेल. लॅपटॉपचं झाकण मिटून 'झालं बंद' असं मात्र समजू नका.

## टप्पा ५: लिनक्समध्ये नेमकं पार्टिशन ओळखा

आता लिनक्स सुरू करा. टर्मिनलमध्ये:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,एफएसटाइप,लेबल,यूयूआयडी

स्वल्पविरामानंतर मोकळी जागा नको. साधारण असं काहीतरी दिसेल:

- एनव्हीएमई०एन१पी१: १०० एमबी, व्हीफॅट
- एनव्हीएमई०एन१पी२: १६ एमबी, प्रकार रिकामा
- एनव्हीएमई०एन१पी३: ३०० जीबी, एनटीएफएस
- एनव्हीएमई०एन१पी४: ७०० एमबी, एनटीएफएस
- एनव्हीएमई०एन१पी५: १५० जीबी, ईएक्सटी४

पहिलं ईएफआय पार्टिशन. दोन्ही सिस्टिम सुरू होण्याच्या फाइल्स त्यात असतात, त्याला हात लावायचा नाही. दुसरं मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेलं, त्यात तुमच्या कामाचं काही नाही. चौथ्यापुढे एनटीएफएस लिहिलंय म्हणून घाईत तेच उघडलं जातं आणि 'माझ्या फाइल्स गायब झाल्या' अशी ओरड होते. ते रिकव्हरीचं पार्टिशन आहे. आपलं सी ड्राइव्ह तिसरं, आणि ते ओळखायचं आकारावरून. पाचवं लिनक्सचं स्वतःचं.

साटा डिस्क असेल तर नावं एसडीए१, एसडीए२ अशी असतात. इथली नेहमीची चूक म्हणजे शेवटचा आकडा गाळून अख्खी डिस्कच माउंट करायला जाणं. डिस्क माउंट होत नाही, तिच्यातलं पार्टिशन होतं.

यादीत विंडोजची डिस्कच दिसत नसेल तर बहुधा फर्मवेअरमध्ये (बायोस किंवा यूईएफआयच्या सेटिंग्जमध्ये) साठवणुकीचा मोड रेड किंवा इंटेल आरएसटीवर आहे. तो एएचसीआयवर नेल्यावर डिस्क दिसते, पण फर्मवेअरमध्ये जाऊन तो नुसता बदलू नका. विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि मग सेफ मोड काढा. बिटलॉकर चालू असेल तर या बदलानंतर रिकव्हरी की विचारली जाऊ शकते, म्हणून टप्पा १ मधला कागद जवळ ठेवा.

तपासा: तिसऱ्या पार्टिशनपुढे 'बिटलॉकर' लिहिलं असेल तर टप्पा ६ मधलं रिकामं फोल्डर तेवढं तयार करा आणि थेट टप्पा ७ वर जा. 'एनटीएफएस' असेल तर टप्पा ६.

## टप्पा ६: पहिल्यांदा फक्त वाचण्यासाठी माउंट करा

फाइल मॅनेजरमध्ये पार्टिशनच्या नावावर क्लिक केलं तरी ते उघडतं, आणि एखाददुसरी फाइल काढायला तेवढं पुरेही आहे. पण तिथे पार्टिशन बहुधा लिहिण्यासाठीच उघडतं. पहिल्या वेळी मी टर्मिनलच पसंत करतो, कारण काय बिनसलं ते तिथे कळतं.

आधी रिकामं फोल्डर:

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/विंडोज

मग माउंट:

सुडो माउंट -टी एनटीएफएस-३जी -ओ आरओ /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ /एमएनटी/विंडोज

'आरओ' म्हणजे फक्त वाचन. ही दोन अक्षरं तुमची ढाल आहेत. काही गडबड असली तरी लिनक्स त्या पार्टिशनवर एक अक्षरही लिहिणार नाही.

एनटीएफएस वाचणारे ड्रायव्हर सहसा दोन भेटतात. एनटीएफएस-३जी जुना आणि कर्नलच्या बाहेर चालणारा. एनटीएफएस३ हा पॅरागॉन सॉफ्टवेअरने दिलेला, २०२१ मधल्या ५.१५ कर्नलपासून आत आलेला आणि वेगाने चालणारा. माझी सवय अशी: पहिली ओळख एनटीएफएस-३जीने करून घ्यायची, कारण त्याचे संदेश स्पष्ट असतात. विंडोज हायबरनेट झालेलं असेल तर तो तसं शब्दांत सांगतो. एनटीएफएस३ला पार्टिशन अस्वच्छ वाटलं आणि तुम्ही लिहिण्यासाठी मागितलं, तर टर्मिनलवर 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असा घाबरवणारा संदेश येतो. ते वाचून फॉरमॅट करायला धावू नका. खरं कारण इथे मिळतं:

सुडो डीएमईएसजी | टेल

त्यात 'व्हॉल्यूम इज डर्टी' असं दिसलं तर फाइल सिस्टिम मोडलेली आहे असं नाही. पार्टिशन नीट बंद झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. लिनक्समधून बाहेर पडा, विंडोजमध्ये जा, टप्पा २ ते ४ पुन्हा करा.

सावधान: 'फोर्स' आणि 'रिमूव्ह_हायबरफाइल' हे दोन पर्याय सुचवणारे सल्ले सगळीकडे सापडतील. पहिला धोक्याच्या खुणेकडे डोळेझाक करतो. दुसरा विंडोजची साठवलेली स्थिती पुसतो, म्हणजे तिथे हायबरनेट करताना न जतन केलेलं काम उघडं असेल तर ते गेलं. विंडोज सुरू होत असेल तर दोन्हींची गरज नाही. सुरू होतच नसेल तर आधी 'आरओ'ने माउंट करून सगळा डेटा दुसरीकडे न्या, मग प्रयोग.

## टप्पा ७: बिटलॉकर असेल तर

क्रिप्टसेटअप या कुलूप उघडणाऱ्या लिनक्सच्या साधनाची २.३.० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. ती २०२० मध्ये आली, त्यामुळे चालू वितरणांमध्ये असतेच.

सुडो क्रिप्टसेटअप ओपन --रीडओन्ली --टाइप बिटएलके /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ विनडिस्क

'रीडओन्ली' हा जोडून लिहायचा एकच शब्द आहे आणि त्याच्याआधी दोन आडव्या रेघा. पासफ्रेज विचारल्यावर रिकव्हरी की मधल्या आडव्या रेघांसह टाइप करा. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. कुलूप उघडलं की मूळ पार्टिशन सोडून ही नवी जागा माउंट करायची:

सुडो माउंट -टी एनटीएफएस-३जी -ओ आरओ /डेव्ह/मॅपर/विनडिस्क /एमएनटी/विंडोज

बिटलॉकर असलेल्या पार्टिशनवर मी लिनक्समधून लिहीत नाही, तुम्हीही वाचण्यापुरतंच थांबा असं सुचवेन.

## टप्पा ८: आत जे दिसतंय ते खरंच तुमचं आहे का

फाइंडएमएनटी /एमएनटी/विंडोज

ओळ आली तर पार्टिशन माउंट झालंय. तिच्यातच 'आरओ' की 'आरडब्ल्यू' तेही कळतं. काहीच आलं नाही तर माउंट झालेलं नाही आणि ते फोल्डर तुमच्या लिनक्स डिस्कवरचं रिकामं फोल्डर आहे. ही तपासणी गाळू नका. माउंट न होताच लोक तिथे फाइल्स ठेवतात, त्या लिनक्सच्या डिस्कवर जातात, विंडोजमध्ये दिसत नाहीत. नंतर पार्टिशन खरोखर माउंट झालं की त्याखाली झाकल्या जातात आणि लिनक्समध्येही दिसेनाशा होतात. माउंट काढलं की पुन्हा वर येतात.

तुमच्या फाइल्स 'युजर्स' फोल्डरमध्ये, तुमच्या विंडोज नावाखाली असतील. वनड्राइव्ह वापरत असाल तर काही फाइल्स उघडणार नाहीत किंवा तुटलेल्या दुव्यासारख्या दिसतील. त्या बिघडलेल्या नाहीत. त्यांचा मजकूर फक्त ढगात आहे, डिस्कवर नुसती खूण आहे. विंडोजमध्ये जाऊन त्या फोल्डरवर 'या डिव्हाइसवर कायम ठेवा' हा पर्याय निवडा आणि उतरू द्या.

कॉपी केल्यावर मूळ आणि नक्कल ताडून बघा:

डिफ -आरक्यू मूळ-फोल्डर नवं-फोल्डर

इथलं 'आर' आणि 'क्यू' लहान अक्षरांतच. काहीच छापलं गेलं नाही तर दोन्ही तंतोतंत सारखी.

## टप्पा ९: लिहिण्याची गरज असेल तरच

आधी अनमाउंट करा (कमांड टप्पा ११ मध्ये आहे), मग 'आरओ'च्या जागी मालकी सांगणारे पर्याय द्या. 'आयडी' ही कमांड दिली की तुमचा क्रमांक कळतो, एकट्याच्या संगणकावर तो बहुधा १००० असतो.

सुडो माउंट -टी एनटीएफएस-३जी -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,यूमास्क=०२२,विंडोज_नेम्स /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ /एमएनटी/विंडोज

हे क्रमांक टाकताना इंग्रजी अंक. परवानगी नाही असं आलं की लोक सीएचमॉड (परवानग्या बदलणारी कमांड) चालवत बसतात. असं माउंट केलेल्या एनटीएफएसवर त्याचा उपयोग होत नाही, परवानग्या माउंट करतानाच ठरतात. 'विंडोज_नेम्स'मुळे विंडोजला न चालणारी नावं तयारच होत नाहीत. लिनक्समध्ये नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह खुशाल चालतं, विंडोजला अशी फाइल उघडता येत नाही.

'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरांत लिनक्समधून काहीही लिहू किंवा पुसू नका. दोन्हीकडून रोज वापरायच्या फाइल्ससाठी सी ड्राइव्हऐवजी वेगळं डेटा पार्टिशन करणं सगळ्यात चांगलं. सी ड्राइव्ह कायम 'आरओ'च राहू द्या.

## टप्पा १०: दर वेळी आपोआप माउंट व्हावं म्हणून

सुरू होताना काय काय माउंट करायचं याची यादी /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये असते. आधी तिची एक प्रत काढून ठेवा. मग त्यात शेवटी एक ओळ:

यूयूआयडी=तुमची-ओळख /एमएनटी/विंडोज एनटीएफएस-३जी आरओ,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,यूमास्क=०२२,नोफेल ० ०

सुरुवातीचा 'यूयूआयडी' मोठ्या अक्षरांत. त्यापुढे टप्पा ५ मध्ये दिसलेली ओळख जशीच्या तशी, एनटीएफएसची ती १६ चिन्हांची असते. एसडीए३सारखं नाव लिहू नका. दुसरी डिस्क जोडली की ही नावं बदलू शकतात, ओळख बदलत नाही.

'नोफेल' विसरलात तर ज्या दिवशी हे पार्टिशन सापडणार नाही त्या दिवशी लिनक्स दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये थांबेल. हा एक शब्द असला की ते पुढे सरकतं.

तपासा: रीस्टार्ट करायच्या आधी या दोन कमांड द्या. चूक असेल तर ती आत्ताच दिसू दे, बूट होताना नको.

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय

सुडो माउंट -ए

## टप्पा ११: नीट बंद करून बाहेर पडा

सुडो यूमाउंट /एमएनटी/विंडोज

या कमांडमध्ये 'यू'च्या पुढे 'एन' नाही. यू अक्षरानंतर लगेच माउंट. 'टार्गेट इज बिझी' आलं तर बहुतेक वेळा तुमचं टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उभं असतं. सीडी करून बाहेर या आणि पुन्हा द्या. तरी अडलं तर कोणी धरून ठेवलंय ते असं बघा:

फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/विंडोज

बिटलॉकर उघडलं असेल तर यूमाउंटनंतर 'सुडो क्रिप्टसेटअप क्लोज विनडिस्क' द्यायला विसरू नका.

विंडोजचं पार्टिशन माउंट असताना लिनक्स हायबरनेट करून विंडोज सुरू केलंत, तर टप्पा ३ मधलीच दुर्घटना उलट्या बाजूने होते. या वेळी लिनक्स जुनी यादी घेऊन जागं होतं आणि मधल्या काळात विंडोजने लिहिलेलं बिघडवतं. हायबरनेट करायचंच असेल तर आधी यूमाउंट करा. विंडोजमध्ये जायचं असेल तर लिनक्स पूर्ण बंद करा.